जुन्या हेडफोनची मधली पिन कापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ध्वनियंत्रांच्या नव्या शौकावर आलेला लेख वाचला. रेकॉर्ड प्लेअर, स्पूल टेप, व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर यांच्या जोडीला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचाही त्यात उल्लेख होता. मराठी वृत्तपत्रात हा विषय मी प्रथमच पाहिला आणि मनापासून आनंद झाला. मात्र शेवटच्या चौकटीत ‘जुन्या हेडफोनला नव्या ॲम्पचे वाढीव व्होल्टेज दिले की आवाज खुलतो’ असा सल्ला आहे. तो वाचल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र.

मी आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागातून निवृत्त झाले. स्टुडिओतली यंत्रे उघडण्यात, मोजण्यात आणि पुन्हा मिटवण्यात नोकरीची वर्षे गेली. आता डोंबिवलीत घरच्या टेबलावर हेच काम चालते. ओळखीतून ओळख निघत लोक येतात. कुणाच्या काकांनी ऐंशीच्या दशकात आखातातून आणलेला जोड माळ्यावर सापडलेला असतो, कुणी जपानमधून जुना मागवलेला असतो. बहुतेक माल स्टॅक्स कंपनीचा. १९३८ साली जपानमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने १९६० मध्ये पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विकायला काढला. १९७९ मध्ये तिचा ‘लॅम्डा’ आला, १९८२ मध्ये ‘लॅम्डा प्रो’. अमेरिकेच्या कॉस कंपनीचे ईएसपी-९ आणि ईएसपी-९५० हे नमुनेही अनेकांच्या संग्रहात आहेत. जर्मनीच्या सेनहायझरचा १९९१ मधला ‘ऑर्फियस’ हा या घराण्यातला अत्यंत दुर्मीळ. तो सुमारे तीनशेच बनला. माझ्या टेबलावर तो कधी आलेला नाही.

मुद्दा समजण्यासाठी आत काय असते ते थोडक्यात सांगते. साध्या हेडफोनात लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. इथे त्यातले काहीच नाही. दोन सच्छिद्र धातूच्या जाळ्या आणि त्यांच्या मधोमध ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा, एवढाच संसार. लॅम्डा प्रोच्या पडद्याची जाडी १.५ मायक्रॉन आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज यावा. या पडद्यावर अत्यंत कमी विद्युतवाहक असा लेप असतो आणि ॲम्प चालू असेपर्यंत त्याला स्थिर विद्युतभार दिलेला असतो. तो देणाऱ्या व्होल्टेजला ‘बायस’ म्हणतात. ॲम्प दोन्ही जाळ्यांना परस्परविरुद्ध दिशेने काही शे व्होल्टचा ध्वनिसंकेत देतो, आणि भारित पडदा एका जाळीकडे ओढला जातो, दुसरीकडून ढकलला जातो. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचललेले असतात, तेच तत्त्व. पडद्याला वजन जवळजवळ नसल्याने तो क्षणात हलतो आणि क्षणात थांबतो. तानपुऱ्याची जवारी अशा हेडफोनातून ऐकली की खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून एकेक स्वर कसा उलगडत जातो ते स्वच्छ ऐकू येते. इतकी वर्षे स्टुडिओत उत्तमोत्तम स्पीकर ऐकूनही हे मला पहिल्यांदा एका जुन्या लॅम्डाने ऐकवले.

आता त्या ‘वाढीव व्होल्टेज’विषयी. स्टॅक्सचे जुने हेडफोन, म्हणजे एसआर-३, एसआर-५, एसआर-एक्स आणि सुरुवातीचा लॅम्डा, २३० व्होल्ट बायसचे. याला ‘नॉर्मल’ म्हणतात. लॅम्डा प्रोपासून ५८० व्होल्टचा ‘प्रो’ बायस आला. पण कंपनीने केवळ व्होल्टेज वाढवले नाही, पडदा आणि जाळी यांच्यातले अंतरही वाढवले. नॉर्मलमध्ये ते साधारण ०.३ मिलिमीटर असते, प्रोमध्ये ०.५. भागाकार करून पाहा. नॉर्मलमध्ये दर मिलिमीटरला सुमारे ७७० व्होल्ट पडतात, प्रोमध्ये ११६०. हेच ५८० व्होल्ट ०.३ मिलिमीटरच्या फटीवर टाकले की आकडा १९३० वर जातो. त्यात गाण्याचा जोर आला आणि जाळीवर आणखी ३०० व्होल्ट चढले तर २९०० च्या पुढे. कोरड्या, स्वच्छ हवेत मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्टला ठिणगी पडते. आमच्याकडची जुलैतली हवा कोरडीही नसते आणि स्वच्छही नसते.

ठिणगी पडली नाही तरी धोका टळत नाही. पडद्याला जाळीकडे ओढणारा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २३० चे ५८० केले तर तो सहापटीहून अधिक होतो. कारखान्यात पडदा ताणला तो २३० व्होल्टचा जोर झेलण्यापुरता. सहापट ओढ आली की तो मध्यभागी न राहता एका बाजूला जाऊन जाळीला चिकटतो. सुरुवातीला आवाज खरेच मोठा आणि भरदार लागतो. ज्यांनी हा प्रयोग केला ते खोटे बोलत नाहीत. काही आठवड्यांनी एका कानात चरचर सुरू होते.

कंपनीने ही चूक होऊ नये म्हणून सोय करून ठेवली आहे. नॉर्मल हेडफोनच्या प्लगला सहा पिना असतात, एक बरोबर मधोमध. प्रो सॉकेटला पाचच छिद्रे, मधले नाही. त्यामुळे जुना हेडफोन प्रो सॉकेटमध्ये जातच नाही. उलट प्रो हेडफोन नॉर्मल सॉकेटमध्ये जातो, आवाज थोडा कमी येतो, बिघडत काही नाही. ती एक पिन म्हणजे त्या यंत्राचा पहारेकरी आहे.

गेल्या वर्षी ठाण्याचा एक तरुण एसआर-५ घेऊन आला. विकत घेताना त्याला ‘मॉडिफाय केलेला’ असे सांगण्यात आले होते आणि त्यासाठी जास्त पैसेही घेतले होते. मी प्लग भिंगाखाली धरला. मधली पिन कटरने छाटून वर कानस फिरवलेली होती. तांब्याचा उघडा ठिपका स्पष्ट दिसत होता. उजव्या कानाचे चार स्क्रू काढले, धूळ अडवणारे पातळ आवरण बाजूला केले आणि मागून दिवा धरला. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडलेले, त्याभोवती तपकिरी जळकी कडा, आणि समोरच्या जाळीवर नेमक्या त्याच जागी काजळीचा ठिपका. डावा कान शाबूत होता. पन्नास वर्षे टिकलेली वस्तू अशी जाते तेव्हा मला फार वाईट वाटते. हा पडदा बाजारात मिळत नाही. दुसऱ्या मृत हेडफोनातून काढून बसवावा लागतो, आणि मग दोन्ही कान जुळतीलच अशी खात्री देता येत नाही.

संपादक महोदय, असे हेडफोन ‘थकलेले’ वाटतात त्यामागचे कारण क्वचितच कमी बायस असते. आमच्या हवेत ते बहुधा दमट धूळ हे असते. पडद्याला भार पुरवला जातो तो कित्येक मेगाओहमच्या रेझिस्टरमधून (प्रवाह अडवणाऱ्या भागातून), म्हणजे अगदी थेंबाथेंबाने. पडदा ताणून धरणाऱ्या चौकटीवर धुळीचा थर साचला आणि त्याने ओल धरली की भार तिथून झिरपतो. येतो तेवढाच निघून जातो, आणि त्या बाजूचा आवाज बसतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर एक कान हळू आणि दिवाळीनंतर आपोआप बरा, ही तक्रार मी नेहमी ऐकते. लोक घाबरून हेडफोन उघडतात किंवा व्होल्टेज वाढवायला निघतात. त्याऐवजी तो ॲम्पपासून सोडवावा आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवावा. भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून छायाचित्रकार वापरतात तसला डबा उत्तम. मग जोडून ऐकावे. सुरुवातीला दोन्ही कान सारखे आणि अर्ध्या तासाने एक उतरू लागला, तर ती गळती आहे, आणखी वाळवण्याने किंवा आतली चौकट नीट पुसल्याने सुधारते. पहिल्यापासूनच एक बाजू कमी असेल तर लेप गेला आहे, तार तुटली आहे किंवा दोष ॲम्पमध्ये अथवा त्याला गाणे पुरवणाऱ्या मागच्या यंत्रात आहे. ते ओळखण्यासाठी ॲम्पला येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. कमजोरी दुसऱ्या कानात गेली तर दोष मागच्या यंत्रात. जागची हलली नाही तर ॲम्प किंवा हेडफोन, आणि तिथे दुसरा हेडफोन लावून पाहण्याला पर्याय नाही.

वाळवण्यासाठी हेअर ड्रायर कधीही वापरू नये. उष्णतेने हा पडदा आकसतो आणि त्याचा ताण कायमचा बदलतो. फुंकर, हवेचा पंप, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळे वर्ज्य. चालू हेडफोन भार असल्यामुळे आसपासची धूळ स्वतःकडे ओढत असतो, म्हणून ऐकून झाले की ॲम्प बंद करायचा आणि हेडफोन झाकून ठेवायचा. देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून तो लांब असावा. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची तेलकट वाफ आत बसली तर ती वाळवून जात नाही.

लॅम्डाच्या कानाकडच्या बाजूला फोमचा पातळ तुकडा असतो. इतक्या वर्षांनी त्याचा भुगा होतो आणि आतल्या आवरणावर सांडतो. तो मऊ कुंचल्याने, हेडफोन उलटा धरून झटकावा. स्पिरिट, थिनर लावू नये. कानाच्या गाद्या कडक होऊन फाटल्या असतील तर त्या मात्र बिनदिक्कत बदलाव्यात. गादी आणि गाल यांच्यात फट राहिली की खर्ज निघून जातो, आणि मग ‘याला बेसच नाही’ असा ठपका त्या बिचाऱ्या पडद्यावर येतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लॅम्डांना नव्या गाद्या आणि दोन दिवसांचा कोरडा डबा, एवढेच औषध पुरले.

ॲम्पचे म्हणाल तर पहिली गोष्ट मागचे लेबल वाचणे. जपानच्या बाजारासाठी बनलेला ॲम्प १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या विजेला लावला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळणार. काही जुन्या नमुन्यांत आतल्या जोडण्या बदलून २३० वर आणता येतो, नाही तर बाहेरून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा. तो दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा असल्याची खात्री करून घ्यावी. टोकियोकडे वीज ५० हर्ट्झचीच असल्याने वारंवारतेची चिंता नको. वर्षानुवर्षे बंद असलेला ॲम्प एकदम पूर्ण व्होल्टेजवर सुरू करू नये. मी आधी सिरीज बल्बवर घेते, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून; तो भगभगीत पेटून राहिला नाही, तर मग डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू चढवते. तीस-चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) सुकलेले असतात. ते बदलणे ही खरी देखभाल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे चांगले कपॅसिटर मिळतात, फक्त ओळखीच्या दुकानातून घ्यावेत, जुन्यावर नवे वेष्टण चढवलेला मालही तिथे फिरत असतो.

बायस मोजताना फार जण फसतात, आणि मला वाटते ‘जुन्याचा बायस उतरतो, तो वाढवा’ हा समज इथूनच जन्मला. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. बायसच्या वाटेवर समजा ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर आहे. सॉकेटवर मीटर लावताच तो स्वतःच थोडा प्रवाह ओढू लागतो आणि अचूक ५८० व्होल्ट असताना ३९५ च्या आसपास दाखवतो. बघणाऱ्याला वाटते, दोनशे व्होल्ट कमी! मग तो आतले मंडल (सर्किट) बदलून मीटरवर ५८० आणतो, आणि पडद्यावर प्रत्यक्षात ८५० च्या घरात जातात. या उदाहरणात मीटरच्या आकड्याला १४.७ ने गुणून १० ने भागले की खरा आकडा मिळतो. आधी हा गुणाकार करावा, मग सोल्डरिंग आयर्न तापवावे.

एसआरएम-टी१ सारख्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये शेवटच्या टप्प्याला ६एफक्यू७ जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात. ते म्हातारे होऊ लागले की दोन जाळ्यांमध्ये स्थिर व्होल्टेजचा फरक पडतो, पडदा गाणे सुरू होण्याआधीच एका बाजूला झुकतो. त्यासाठी आत बारीक पेच दिलेले आहेत. ॲम्प चांगला तापू द्यावा आणि मग ते फिरवून फरक शून्याजवळ आणावा. व्हॉल्व्ह बदलल्यावर हे न करता हेडफोन लावणे योग्य नाही. तापणाऱ्या रेझिस्टरखाली बोर्ड काळा पडलेला असेल तर तिथले टाके पुन्हा घालावेत, अर्धा खरखराट तिथेच असतो.

मी बदलाच्या विरोधात नाही, हे आवर्जून सांगते. जुन्या ॲम्पला वेगळे प्रो सॉकेट जोडणे, त्यासाठी स्वतंत्र बायस मंडल बसवणे, शेवटच्या टप्प्यातल्या रेझिस्टरच्या जागी स्थिर विद्युतप्रवाहाचे मंडल घालून ॲम्पला अधिक जोर देणे, हे सारे मी केले आहे आणि त्याने गाणे खरोखर सुधारते. अट एकच की पुढच्या माणसाला ते पूर्ववत करता आले पाहिजे. मूळ बोर्डावरचे पट्टे कापायचे नाहीत, पेटीला नवे भोक पाडण्याआधी जुनी जागा वापरता येते का ते पाहायचे, काढलेले सुटे भाग पुडीत घालून मालकाला परत द्यायचे. काय बदलले, किती व्होल्टेज आहे, तारीख, हे कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवायचे. मी तसे करते. आणि दोन गोष्टींना कधीच हात लावायचा नाही. एक मधली पिन. दुसरे, बायस आणि जाळ्यांच्या वाटेवर बसवलेले संरक्षक रेझिस्टर. कानाशी ५८० व्होल्ट म्हटल्यावर लोक दचकतात, पण ४.७ मेगाओहममधून जास्तीत जास्त ०.१२ मिलिॲम्पिअर वाहू शकतो, इजा होण्याइतका नाही. त्या रेझिस्टरच्या जागी तारेचा तुकडा टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ‘बेस वाढतो’ म्हणे. वाढत नाही, उलट विकृती वाढते आणि ऐकणाऱ्याचे संरक्षण जाते.

आपला लेख वाचून कुणी विद्यार्थी आज ॲम्प उघडायला बसला असेल, त्याच्यासाठी हे अधिक महत्त्वाचे. प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असे होत नाही. आतले मोठे कपॅसिटर तीनशेहून अधिक व्होल्ट धरून बसलेले असतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला उष्णतारोधक, विद्युतरोधक वेष्टणाच्या तारा जोडून त्यातून ते रिकामे करावेत, मीटरने तपासावेत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तपासावेत, कारण भार थोडासा परत वर येतो. चालू यंत्रात मोजायचे असेल तर एक हात पाठीमागे. घरात ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूच्या धक्क्याचा त्याला पत्ताही लागत नाही. ज्याने उच्च व्होल्टेजवर कधी काम केलेले नाही त्याने जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावे. आम्हीही तसेच शिकलो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखांत आता बहुतेक काम पाच आणि बारा व्होल्टवर चालते, त्यामुळे हा हात नव्या मुलांना मिळत नाही. एखाद्या संस्थेने बोलावले तर माझे मीटर, सिरीज बोर्ड आणि दोन जुने ॲम्प घेऊन यायची माझी तयारी आहे, मानधनाची अपेक्षा नाही.

आपणास विनंती एवढीच, की पुरवणीच्या पुढच्या अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. सहा पिनांचा हेडफोन २३० व्होल्टचा, पाच पिनांचा ५८० चा, आणि पहिला दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये घालण्यासाठी पिन कापू नये, एवढा मजकूर पुरेल. चौकट तेवढीच मोठी, त्याच जागी असावी.

आपली,
एक नियमित वाचक
डोंबिवली (पूर्व)